गाणं डोक्यात का अडकतं?

सकाळी घंटागाडी येते, कचरा घेते आणि पुढच्या गल्लीत निघून जाते. तिच्या भोंग्यावरचं गाणं मात्र मागे राहतं. अंघोळ करताना तेच, डबा भरताना तेच, लोकलमध्ये कशीबशी जागा मिळाली की पुन्हा तेच. गणपतीत मंडळाच्या स्पीकरवर दहा दिवस वाजलेलं गाणं विसर्जन झाल्यावरही डोक्यात वाजत असतं. कधी ती एखाद्या जाहिरातीची धून असते, आपण स्वतःहून कधीच लावली नसती अशी. आणि अख्खं गाणं सहसा फिरत नाही. फिरते ती एकच ओळ, फार तर दोन.

यातलं कोडं असं, की वाण्याकडून आणायच्या पाच जिनसांपैकी दोन आपण हमखास विसरतो. परीक्षेसाठी घोकलेलं उत्तर ऐनवेळी आठवत नाही. मग जे लक्षात ठेवायचं कधी ठरवलंच नव्हतं, ते गाणं न मागता, न बोलावता इतकं स्पष्ट कसं आठवतं? आणि ‘आता पुरे’ म्हटलं तरी थांबत का नाही?

हे किती जणांना होतं?

जवळजवळ सगळ्यांना. फिनलंडमधले संशोधक लासी लिइकानेन यांनी इंटरनेटवरून बारा हजारांहून अधिक लोकांना याबद्दल विचारलं. सुमारे ९० टक्के लोकांनी सांगितलं की आठवड्यातून निदान एकदा तरी गाणं डोक्यात अडकतं. बऱ्याच जणांचा हा रोजचा अनुभव होता. मानसशास्त्रात याला ‘अनैच्छिक सांगीतिक प्रतिमा’ म्हणतात. म्हणजे, बाहेर काही वाजत नसताना आणि आपली तशी इच्छाही नसताना मनात उमटलेलं संगीत.

रेडिओ, टीव्ही आणि मोबाइल आल्यामुळे हे सुरू झालं, असं वाटू शकतं. पण १८७६ साली, ग्रामोफोनसुद्धा जन्माला आला नव्हता तेव्हा, अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी याच विषयावर एक कथा लिहिली. कथेतला माणूस वर्तमानपत्रात काही यमकबद्ध ओळी वाचतो आणि त्या काही केल्या डोक्यातून जात नाहीत. शेवटी त्या एका मित्राला ऐकवतो, तेव्हा कुठे त्याची सुटका होते. मग त्या ओळी मित्राला छळू लागतात. कथा काल्पनिक असली तरी दुसऱ्याने नुसतं गुणगुणलेलं गाणं आपल्याला चिकटतं, हे कुठल्याही घरात रोज घडतं.

असं गाणं नेहमी नकोसंच असतं, हा मात्र गैरसमज आहे. अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात आयरा हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं की डोक्यात येणारी बहुतेक गाणी लोकांच्या ओळखीची आणि आवडीचीच असतात. आवडीचं गाणं फिरत असलं तर आपल्याला काही गैर वाटत नाही, म्हणून आपण त्याची नोंदही घेत नाही. त्रास देणारं तेवढं ध्यानात राहतं.

बाहेर शांतता, तरी ऐकू कसं येतं?

ऐकण्याचं काम फक्त कान करत नाही. कानाने टिपलेला आवाज मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आत असलेल्या श्रवणकेंद्रात पोचतो, आणि त्याचा अर्थ तिथे लागतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या डेव्हिड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतल्या हालचाली टिपणाऱ्या एमआरआय यंत्रात लोकांना झोपवून त्यांना गाणी ऐकवली. मधूनमधून काही सेकंदांपुरता आवाज पूर्ण बंद केला. गाणं ओळखीचं असेल तर त्या शांततेतही श्रवणकेंद्राचा भाग काम करत राहिला, आणि गाणं मनात पुढे चालूच होतं असं लोकांनी सांगितलं. अनोळखी गाण्याच्या वेळी असं झालं नाही.

म्हणजे मनात गाणं ‘वाजतं’ असं आपण म्हणतो, ते बरंचसं खरंच असतं. प्रत्यक्ष ऐकताना मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांतलेच काही आठवणीतल्या गाण्यासाठीही कामाला लागतात. म्हणून ती आठवण इतकी जिवंत असते. शब्दच नव्हे, तर गायकाचा आवाज, ढोलकीची थाप, मधली बासरीसुद्धा त्यात येते.

या आठवणीत लयही पक्की असते. केली जाकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं छोटं यंत्र बांधलं. रोजचे व्यवहार चालू असताना मनात गाणं आलं की त्याच्या तालावर हात आपटायचा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. निम्म्याहून अधिक वेळा मनातल्या गाण्याची गती मूळ ध्वनिमुद्रणाच्या गतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक ढळलेली नव्हती.

एकच ओळ का फिरते?

कुणी फोन नंबर सांगितला आणि लिहायला कागद नसला, तर आपण तो मनातल्या मनात पुटपुटत राहतो. पुटपुटणं थांबलं की काही क्षणांत तो पुसला जातो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली हातातल्या कामापुरत्या स्मृतीचा एक आराखडा मांडला. त्यात ऐकलेले आवाज आणि शब्द सांभाळणारा एक भाग आहे. तिथे आवाज जेमतेम दोनेक सेकंद टिकतो. तो टिकवायचा तर मनातल्या आवाजाने पुन्हा उच्चारावा लागतो. उच्चारलं की मनातल्या कानाने ऐकलं जातं, आणि ऐकलं की पुन्हा उच्चारलं जातं.

विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. माळेतलं एक गाडगं वर येऊन रितं होतं आणि त्याच ओघात पुन्हा खाली पाण्याकडे निघतं. माळेला शेवट असा नसतोच. शेवटचं गाडगं पहिल्याच्या मागेच बांधलेलं असतं. मनात फिरणाऱ्या ओळीचं तसंच होतं. एक सूर पुढच्या सुराला वर आणतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि ओळीचा शेवट झाला की त्याला लागूनच तिची सुरुवात हजर असते.

सुरुवातच का हजर असते? कारण गाणं तसंच बांधलेलं असतं. भजन घ्या, भावगीत घ्या, नाहीतर चित्रपटगीत. प्रत्येक कडवं संपलं की ध्रुवपद परत येतं. एकाच गाण्यात कडवं आपण एकदा ऐकतो आणि ध्रुवपद चार-पाचदा. साहजिकच ध्रुवपदाची ठेव सर्वांत खोल असते, आणि त्याचा शेवटचा सूर पहिल्या सुराकडे परतण्याचीच सवय मेंदूला लागलेली असते. त्यातून कडव्याचे शब्द अनेकदा अर्धवटच माहीत असतात. माहीत असलेला तुकडा संपला की पुढे वाट नसते, म्हणून मन मागे वळतं. या फिरणाऱ्या तुकड्याची लांबी सहसा पंधरा-वीस सेकंदांच्या आसपास असते.

अर्धवट राहिलेलं काम मनात घोळत राहतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडलं होतं. अर्धवट आठवणारं गाणंही त्याच कारणाने फिरत असावं, असं काही संशोधक मानतात. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत झायगार्निक यांचा निष्कर्ष तितक्याच ठळकपणे दिसलेला नाही, म्हणून ही एक शक्यता म्हणूनच धरावी.

गाणं सुरू कुठून होतं?

लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये व्हिक्टोरिया विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी बीबीसीच्या एका रेडिओ वाहिनीच्या मदतीने श्रोत्यांचे शेकडो अनुभव गोळा केले आणि २०१२ साली त्यांची वर्गवारी मांडली. त्यातून चार मुख्य कारणं पुढे आली.

पहिलं अगदी सरळ आहे. गाणं नुकतंच किंवा वारंवार कानावर पडलेलं असतं. घंटागाडी आणि मंडळाचा स्पीकर या प्रकारात येतात.

दुसरं कारण आठवणींचं. एखादी व्यक्ती, जागा, पाटीवरचा शब्द दिसला किंवा एखादा वास आला की त्याला जोडलेलं गाणं वर येतं. कॉलेजच्या स्टॉपवरून बस गेली आणि स्नेहसंमेलनातलं गाणं ओठांवर आलं, तर आपण म्हणतो ‘उगाच आठवलं’. ते उगाच नसतं. कारण इतक्या झटकन येऊन जातं की आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही.

तिसरं कारण मनःस्थितीचं. ताण, आनंद, चिंता, आश्चर्य यांपैकी कुठल्याही भावनेच्या भरात गाणं सुरू होऊ शकतं, आणि पुढे तशीच वेळ आली की तेच गाणं परत येतं.

चौथं कारण सैल पडलेल्या लक्षाचं. भांडी घासणं, चालणं, रांगेत उभं राहणं, कंटाळवाण्या भाषणाला बसणं. हात चालू असतात, मन मोकळं असतं.

या चौथ्या कारणाची दुसरी बाजू हायमन यांच्या अभ्यासात दिसली. लोकांना गाणी ऐकवून मग सुडोकूसारखी कोडी सोडवायला दिली. काम फार सोपं असलं की मन भरकटतं आणि गाणं शिरतं, हे अपेक्षितच होतं. पण कोडं झेपण्यापलीकडे अवघड झालं तरीही गाणं परत आलं. आवाक्याबाहेरच्या कामावरून मन निसटतं आणि निसटलं की आयतं तयार असलेलं काहीतरी धरतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडल्यावर नेमकं गाणंच का सुचतं, ते यावरून कळतं. मुलांना यासाठी रागावण्यात अर्थ नाही.

कोणती चाल लवकर बसते?

सगळीच गाणी सारखी चिकटत नाहीत. जाकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी सुमारे तीन हजार लोकांना त्यांच्या डोक्यात अडकणाऱ्या गाण्यांची नावं विचारली. सर्वांत जास्त वेळा सांगितलेली शंभर गाणी त्यांनी वेगळी काढली आणि तितकीच लोकप्रिय, पण यादीत न आलेली शंभर गाणी त्यांच्यासमोर ठेवली. चालींची तुलना केल्यावर तीन गोष्टी पुढे आल्या.

एक, अडकणाऱ्या गाण्यांची लय बहुधा जलद असते. पावलं आपोआप ठेका धरतील अशी. दोन, चालीचा एकूण चढउतार ओळखीचा असतो. ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’ या बालगीतात सूर आधी वर चढतात आणि मग खाली उतरतात. असा साधा चढउतार पहिल्या ऐकण्यातच अंदाजात येतो, गळ्यालाही झेपतो. तीन, या साधेपणात कुठेतरी एक अनपेक्षित जागा असते. एखादी मोठी उडी, किंवा अपेक्षेपेक्षा जास्त वेळा आलेला तोच सूर.

म्हणजे चाल ओळखीची हवी आणि तरी किंचित वेगळी हवी. नुसती ओळखीची असली तर लक्ष वेधत नाही, नुसती वेगळी असली तर लक्षात राहत नाही. हा अभ्यास पाश्चात्त्य पॉप गाण्यांवरचा आहे, त्यामुळे आपल्या गाण्यांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी ‘सैराट’ (२०१६) मधलं अजय-अतुल यांचं ‘झिंगाट’ आठवून पाहा. जलद ठेका आणि सहज गळ्यात बसणारा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा तिथे लगेच सापडेल. जाहिरातींच्या धुना बांधणाऱ्यांना ही जाण अनुभवातून फार आधीपासून होती.

हाकललं की परत का येतं?

‘हे गाणं आता आठवायचं नाही’ असं ठरवणं हा सर्वांत कमी उपयोगाचा उपाय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितलं. अर्थातच तो विचार येतच राहिला. एखादी गोष्ट मनात आली नाही ना, हे तपासायचं तर ती मनात धरावीच लागते. गाण्याचंही तसंच आहे. फिलिप बीमन आणि टिम विल्यम्स यांना २०१० सालच्या अभ्यासात आढळलं, की गाणं थोपवण्याचा जोरदार प्रयत्न करणाऱ्यांच्या डोक्यात ते उलट जास्त वेळ टिकतं.

मग करावं काय? मनातला आवाज दुसऱ्या कामाला लावावा. हायमन यांच्या प्रयोगांत शब्दांची कोडी सोडवताना गाण्याचा शिरकाव कमी झाला. शब्द जुळवायला मनातला आवाज लागतो, आणि तो तिथे गुंतला की ओळ उच्चारायला मोकळा राहत नाही. मात्र कोडं बेताचं हवं. वाचन, गप्पा, शब्दकोडं यांचा उपयोग होतो तो यामुळेच.

बीमन यांच्या ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या गटाने २०१५ साली आणखी साधा उपाय तपासला. चटकन चिकटणारी गाणी ऐकवल्यावर काही लोकांना च्युइंगम चघळायला दिलं. त्यांना ते गाणं कमी वेळा आठवलं. मनात पुटपुटतानाही जीभ आणि जबडा हलवण्याची तयारी मेंदूत होत असते. जबडा खरोखरच चघळण्यात गुंतला की त्या तयारीत अडथळा येतो.

काही जण याच्या उलट जातात. ते गाणं लावतात आणि शेवटपर्यंत ऐकतात, किंवा सगळी कडवी म्हणतात. अनेकांना याने सुटल्यासारखं वाटतं. ज्यांना मात्र ऐकल्याने ते आणखी पक्कं बसतं, त्यांनी शब्दांच्या वाटेनेच जावं.

झोपताना जपून

गाणं ऐकत झोपण्याची सवय अनेकांना आहे. त्याने मन शांत होतं हे खरं, पण संगीत बंद झाल्यावरही मेंदूत ते चालू राहू शकतं. बेलर विद्यापीठातल्या मायकेल स्कलिन यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वारंवार गाणी डोक्यात अडकणाऱ्या लोकांची झोप कमी चांगली आढळली. प्रयोगशाळेत झोपण्यापूर्वी लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा ज्यांच्या डोक्यात ती अडकली त्यांना झोप लागायला वेळ लागला आणि मध्ये जागही जास्त आली. विशेष म्हणजे शब्द काढून नुसत्या वाद्यांवर वाजवलेली ओळखीची गाणी जास्त अडकली. बहुधा गाळलेले शब्द मेंदू स्वतःच भरत बसतो. रात्री असा त्रास होत असेल तर झोपण्याच्या बराच आधी गाणी बंद करावीत.

डॉक्टरांना कधी विचारावं?

गाणं अडकणं हा आजार नाही. ते आपल्याच मनात आहे, बाहेर वाजत नाही, याची जाणीव आपल्याला असते. बाहेर काहीही नसताना खरोखर कानांवर संगीत येतंय असं वाटलं, तर तो सांगीतिक भास असू शकतो. ऐकू कमी येऊ लागलेल्या वृद्धांमध्ये तो आढळतो. अशा वेळी घरच्यांनी ‘काहीतरीच काय’ म्हणून विषय उडवून लावू नये, कान तपासून घ्यावेत. तसंच, अडकलेल्या गाण्यामुळे रोजचं काम, अभ्यास किंवा झोप दिवसेंदिवस बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. विचारांच्या अनिवार पुनरावृत्तीच्या आजारातही असं होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

थोडक्यात

- गाणं डोक्यात अडकणं हा जवळजवळ प्रत्येकाचा अनुभव आहे.
- नुकतंच ऐकलेलं, आठवणीला जोडलेलं, भावनेच्या भरात किंवा मन सैल असताना आलेलं गाणं अडकतं.
- ध्रुवपद सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं असतं आणि त्याचा शेवट सुरुवातीकडे नेतो, म्हणून तेच फिरतं.
- जलद लय, ओळखीचा चढउतार आणि एखादी अनपेक्षित जागा असलेली चाल लवकर बसते.
- जोर लावून हाकलू नका. शब्दांचं बेताचं काम घ्या, काहीतरी वाचा, कुणाशी तरी बोला.
- झोपण्यापूर्वीच्या गाण्यांबाबत जपा.

मेंदू हा खटाटोप का करतो?

आता सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर देता येईल. जिनसांची यादी आपण विसरतो, कारण तिच्यातल्या शब्दांना एकमेकांचा आधार नसतो. मिठानंतर साबण का यावा, याला काही कारण नाही. गाण्यात मात्र लय सांगते की पुढे किती अक्षरांची जागा आहे, यमक सांगतं की शेवट कसा असावा, आणि अर्थ सांगतो की शब्द कुठला शोभेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन यांनी मौखिक परंपरांवरच्या १९९५ सालच्या पुस्तकात दाखवलं आहे, की हे तीन आधार एकत्र आल्यामुळेच लिपीची मदत न घेता दीर्घ रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या घरात आहे. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांनी रचलेल्या ओव्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या म्हणणाऱ्या अनेक जणींना लिहितावाचता येत नव्हतं. माहेर, सासर, विठ्ठल, भाऊ, दुष्काळ, मारझोड, सगळं त्यांनी चालीच्या आधारावर जपलं आणि लेकीसुनांच्या स्वाधीन केलं.

मनात आपोआप फिरणारं गाणं आठवण पक्की करतं का, हेही आता तपासलं गेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन क्यूबिट आणि पेत्र यानाता यांनी लोकांना अनोळखी संगीत ऐकवलं आणि ते अनोळखी चित्रफितींशी जोडून दाखवलं. पुढे तपासलं तेव्हा, ज्यांच्या मनात ते संगीत मधल्या काळात जास्त वेळा आपोआप वाजलं होतं, त्यांना संगीत तर नीट आठवलंच, पण त्याबरोबर पाहिलेल्या प्रसंगांचे तपशीलही अधिक चांगले आठवले. आपल्याला नकोसं वाटणारं ते फिरणं आठवण घट्ट करत होतं.

म्हणून डोक्यात अडकलेल्या गाण्याला बिघाड समजू नये. ज्या यंत्रणेने ओव्या, पाळणे, भूपाळ्या आणि पाढे जपले, तीच यंत्रणा घंटागाडीचं गाणंही जपते. तिला थोर आणि क्षुल्लक यांतला फरक कळत नाही, तो आपण ठरवायचा असतो. मुलांना पाढे आणि कविता चालीवर शिकवा. घरात कुणा आजीला ओव्या येत असतील तर तिच्याकडून त्या चालीसकट म्हणवून घ्या आणि मोबाइलवर नोंदवून ठेवा. चाल हरवली की शब्दही फार दिवस टिकत नाहीत.